शलाकाला विचारा

तीन शून्यं कमी पडली, एवढंच.
ओजसने सेकंद समजून लिहिलं सहा लाख चार हजार आठशे,
यंत्राने मिलिसेकंद समजून वाचलं,
आणि सात दिवस जपायचे निरोप
दहा मिनिटांत शिळे ठरले.

आरडाओरडा नाही, धूर नाही.
महापेच्या त्या गार खोलीत
तिन्ही ब्रोकरांनी एकमताने, आज्ञाधारकपणे,
आपापल्या प्रती पुसल्या.
तीन प्रती कशासाठी ठेवतो आपण?
एक मशीन मेलं तर दुसरं आहे म्हणून.
चुकीचा हुकूम मात्र तिघांनाही एकदमच ऐकू जातो.

एसएमएसवाली बाजू त्या रात्री दुरुस्तीला बंद होती.
डायलिसिसच्या बदललेल्या वेळा अडकल्या होत्या त्यांत.
कोपरखैरण्याचे एक आजोबा
जुन्याच वेळेला, पहाटे पाचला,
सेंटरच्या बंद शटरसमोर पायरीवर बसून राहिले
डबा मांडीवर घेऊन.
हे नंतर कळलं, फोनवर, त्यांच्या सुनेकडून.
ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मी नियम लिहिला.
चाळीसेक ओळी.
कुणीही, कुठल्याही टॉपिकची सेटिंग बदलायला गेलं
की क्लस्टर आधी त्याला अडवणार:
मुदत सात दिवसांहून कमी? नाही.
प्रती तीनहून कमी? नाही.
नावात टीमचा पत्ता नाही? मग हे पोर कुणाचं? नाही.
आणि नकाराच्या शेवटी, मोठ्या तोऱ्यात, एक वाक्य:
'अडचण असल्यास शलाकाला विचारा.'

विचारायचे लोक. पहिल्या महिन्यात तर रोज.
ओजसनेही विचारलं एकदा, कॅन्टीनच्या रांगेत,
भलत्याच टॉपिकबद्दल, ताटाकडे बघत.
मग तो पुण्याला गेला.

आज पावणेतीनला डिस्क चौऱ्याण्णव टक्के.
कुठल्याशा बँकेचे निरोप भडाभडा ओतले जातायत.
पंच्याण्णव.
उपाय तोंडपाठ: मुदत सहा तास करायची,
जुनं वाहून जाईल, जागा होईल, मला झोप मिळेल.
टाइप केलं. शून्यं दोनदा मोजली.
एंटर.

'मुदत सात दिवसांहून कमी ठेवता येणार नाही.
अडचण असल्यास शलाकाला विचारा.'

विचारलं.
ती काही बोलेना.
पासवर्ड तिच्याकडे होता,
नियम बंद करायची चोरवाटही तिलाच ठाऊक,
पण तिच्या नजरेसमोर एक डबा होता,
स्टीलचा, मांडीवरचा.

तेव्हा लांबची वाट. रिकामं चौथं मशीन जोडलं,
निरोपांची एकेक चळत तिकडे हलवायला लावली.
उजाडेपर्यंत चालेल म्हणून
खाली आले, चहा शोधत.

गेटवर हसुराम मढवी, गोठिवलीचे. थर्मास त्यांचाच.
त्यांच्या शेताच्या बांधाला उघाडी होती म्हणे,
आता जिथे सेक्टर आहे तिथे.
"लाकराचं दार," ते म्हणाले, "वरशी बिजागरी.
ओहोटीला शेतातलं पानी ढकलून भायेर जातं.
भरती आली की दर्याच दार लावतो.
जितका जोर करील, तितकं घट्ट."
"आणि कुणी मुद्दाम उघडलं तर?"
"मंग भात खारा खायाचा."

चहा संपला. परत निघाले.
"मॅडम, कारड?"
वर राहिलं होतं, कीबोर्डशेजारी.
"काका, आत्ता तर बोलत होतो आपण."
"वलखतंय ना मी तुमाला," ते म्हणाले. "पन कारड?"

सुपरवायझर साडेसहाला येतो.
वर चळती हलत असतील. किंवा अडल्या असतील.
हसुरामकाकांनी रजिस्टरात माझं नाव लिहिलं,
वेळ लिहिली, खाली रेघ मारली,
आणि स्वतःची खुर्ची
माझ्याकडे सरकवली.